अठरा फुटांचा रॅम्प

त्यांनी मला न विचारता उचललं. खुर्चीसकट. चौघांनी.

मी नुकतीच रिसॉर्टच्या फाटकातून आत आले होते. मांडीवर फाइल, गळ्यात मोजपट्टी. अंगावर बहिणीची नवी साडी. पाहुण्यांची गाडी जवळ आल्याचा फोन आला होता. मॅनेजर धावत आला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. वेटरांना म्हणाला, "ही खुर्ची मागं घ्या."

खुर्ची म्हणाला. बाई नाही, मॅडम नाही. खुर्ची.

चौघांनी चार बाजूंनी हात घातले. एकाचा हात माझ्या काखेत होता. मी म्हणत होते, "ठेवा मले खाली, मी येते चालवत." कोणी ऐकलं नाही. बाजूच्या वाटेनं, तीन पायऱ्या उतरून त्यांनी मला स्वयंपाकघरामागच्या अंगणात नेऊन ठेवलं. गॅसची सिलिंडरं. कांद्याची पोती. भांडी घासायचा नळ. आणि वर जायला त्या तीन पायऱ्याच. म्हणजे कोणी पुन्हा उचलेपर्यंत मी तिथंच.

त्या दिवशी जे पाहुणे येत होते, त्यांच्या प्रवासाचा आराखडा मी केला होता.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल शहराजवळच्या गावातली. आम्ही ढिवर. बाबा तलावात जाळं टाकतात. दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला. बारा वर्षांची होईपर्यंत मी हातांवर सरकत शाळेत गेले. मग शिबिरात तीनचाकी मिळाली, पुढं खुर्ची. मूलच्या कॉलेजात बी.ए. केलं. तिथं संकेत भेटला. भातगिरणीवाल्याचा मुलगा. पुस्तकं त्याच्याकडं, अभ्यास माझ्याकडं. परीक्षेआधी तो माझ्या नोट्स न्यायचा. आमच्या घरी येऊन मायच्या हातचे झिंगे खायचा. राखीला हात पुढं करायचा.

त्याच्या घरी मी गेले की माझा चहा ओसरीत यायचा. मला वाटायचं, दाराला उंबरठा आहे म्हणून. मागच्या दाराला उंबरठा नव्हता. तिथून हातगाडीवर तांदळाची पोती थेट आत जायची. ते मला दिसायचं. पण दिसलेलं मी मनात येऊ दिलं नाही. इतक्या वर्षांनी भाऊ म्हणावं असं कोणी मिळालं होतं.

शिकून तो पर्यटनाच्या धंद्यात पडला. जंगलाच्या कडेला त्याच्या मामाचं रिसॉर्ट, ते तो बघू लागला. एक दिवस घरी आला आणि म्हणाला, "तुह्याशिवाय हे काम कोणालेच जमत नाई."

काम असं. परदेशी प्रवाशांचं मोठं जहाज मुंबईच्या बंदरात तीन दिवस उभं राहतं. तेवढ्यात प्रवाशांना विमानानं नागपूरला आणायचं, तिथून गाडीनं आमच्या जंगलात. दोन सफाऱ्या. जहाज सुटायच्या आत परत. याला त्यांच्यात 'शोर एक्सकर्शन' म्हणतात. या वेळी जहाजवाल्यांना खास सहल हवी होती, व्हीलचेअरवरच्या प्रवाशांसाठी. आधी चाचणी. ती जमली तर दर हंगामाला.

मी समुद्र पाहिलेला नाही. बोट म्हणजे मला बाबांचा डोंगा माहीत. पण खुर्चीवरच्या माणसाला प्रवासात काय लागतं, ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. लघवी लागू नये म्हणून सकाळपासून पाणी न पिता मी परीक्षा दिल्या आहेत.

तीन महिने मी मोजत होते. विमानतळापासून जंगलापर्यंत कुठल्या ढाब्याच्या बाथरूमात खुर्ची जाते, कुठल्या नाही. सफारीच्या उघड्या जिप्सीची सीट किती उंच. पलंग किती उंच. खुर्ची वळायला किती जागा. सगळं स्वतः जाऊन, स्वतः करून. दोनदा पडले. एकदा मनगट सुजलं. घरी सांगितलं नाही.

रिसॉर्टचा व्हरांडा दीड फूट उंच. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, तरच खुर्चीवरचा माणूस आपल्या हातांनी चढतो. म्हणजे अठरा फुटांचा रॅम्प. तो मडावीकाकांनी बांधला. जंगलातल्या गावचे गोंड सुतार. त्यांनी मला उलटसुलट काही विचारलं नाही. फळ्या ठोकल्या आणि म्हणाले, "बाई, तू चढून पाह्य. अडकली तं मी पुन्हा रंधा मारतो." मी चढले. एकदाही न थांबता चढले. वर पोचल्यावर मला रडू आलं, आणि काका उगाच खिळे शोधत बसले.

बाथरूमचं दार पंचवीस इंचांचं होतं. मी बत्तीस लिहून दिलं. संकेत म्हणाला, "होऊन जाईल." एकदा त्यानं मला जिप्सीत बसवून फोटो काढला. "हस ना," म्हणाला. मी हसले. वाटलं, कामाची नोंद असेल.

आता मी कांद्याच्या पोत्यांशेजारी बसले होते. मडावीकाका पाणी प्यायला नळावर आले. मला पाहून दचकले.

"तू इथी काऊन?"

"आणून ठेवलं."

त्यांनी नळ बंद केला. मग म्हणाले, "तुले सांगतलं नाई वाटते. तुह्या मापाचा रॅम्प काढला परवा. समोरून वाईट दिसते म्हणे. आता प्लायवूड टाकलं. सहा फुटाचं."

"अन् बाथरूमचं दार?"

"त्याले कोणी हातच नाई लावला."

स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आतून आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता.

"लंगडीची सही घेऊन घे. मंग गाडीत टाक अन् घरी सोडून दे."

लंगडी. गावात हा शब्द मी हजारदा ऐकलाय. पोरं ओरडायची, म्हाताऱ्या कुजबुजायच्या. कातडी जाड झाली होती. पण हा आवाज माझ्या बाजूचा होता. निदान मी तसं धरून चालले होते. बारा वर्षं.

मॅनेजर आला नाही. संकेत स्वतःच आला. हातात कागद, तोंडावर हसू.

"चिडली का? पाहुणे येऊन राह्यले, समोर गर्दी नको म्हणून. इथी सही कर फक्त."

मी कागद वाचला. इंग्रजी मला वाचता येतं, त्याला माझ्याच नोट्सनी आलं. लिहिलं होतं, संपूर्ण मार्ग व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीनं स्वतः तपासला आहे. रॅम्प अठरा फूट. बाथरूमचं दार बत्तीस इंच. आराखडा कोणाचा? त्याचा. खाली माझा तो हसरा फोटो. फोटोखाली: स्थानिक दिव्यांग लाभार्थी.

"रॅम्प कुठी आहे?"

"लावला ना दुसरा."

"किती फुटाचा?"

"तुले काय करायचं आहे? माणसं आहेत ना उचलाले."

"माह्यं नाव कुठी आहे?"

"अरे, फोटो आहे ना तुहा."

मी कागद परत दिला. "सही नाई करत."

त्याचं हसू गेलं. "मी नसतो तं आजबी घरी बसून राह्यली असती तू. कोण विचारते तुले?"

मला बोलायचं होतं, पण त्याच्याशी नाही. पुढं गाडीचा हॉर्न वाजला. तो पळाला.

मी खुर्चीतून खाली उतरले. जमिनीवर. भांड्यांचं सांडपाणी होतं, साडी भिजली.

"उचलू का, बाई?" काकांनी विचारलं.

त्या दिवशी मला विचारणारा तो पहिला माणूस.

"नाई. खुर्ची तेवढी वर आणा."

तीन पायऱ्या मी हातांवर चढले. बाराव्या वर्षानंतर लोकांसमोर मी अशी सरकले नव्हते. शपथ घेतल्यासारखं ते टाळलं होतं. वेटर बघत होते. आचारी बघत होता. बघू दे. लाज माझी नव्हती, हे मला दुसऱ्या पायरीवर कळलं. तिसरी पायरी सोपी गेली.

वर काकांनी खुर्ची धरली. मी बसले आणि चाकं मारत पुढं गेले.

समोर तीन पाहुणे होते. त्यातली एक म्हातारी गोरी बाई बॅटरीच्या खुर्चीत. दोन वेटर तिला प्लायवूडवर ढकलत होते. तिची पुढची चाकं हवेत उचलली गेली होती.

"स्टॉप!" मी ओरडले.

सगळे थांबले. जहाजाकडून एक बाई सोबत आली होती, तिच्याच हातात सगळा निर्णय. तिच्यासमोर मी मोजपट्टी टाकली. उंची दीड फूट. लांबी सहा फूट. तुटक्या इंग्रजीत सांगितलं, इथून खुर्ची मागं उलटते. दार पंचवीस इंच आहे, बत्तीस नाही. हा आराखडा माझा आहे. हे जे उभं केलंय ते माझं नाही. मी सही दिलेली नाही.

संकेत मध्ये बोलला, गोड इंग्रजीत, "शी इज अपसेट." जहाजाच्या बाईनं आत जाऊन दार मोजलं. बाहेर आली आणि फाइल मिटली.

पण त्या म्हातारीला बाथरूमला जायचं होतं. नागपूरपासून ती थांबून होती; मी लिहून दिलेल्या ढाब्यावर गाडी थांबवलीच नव्हती. तिची खुर्ची दारातून जाईना. जंगल बघायला समुद्रावरून आलेली बाई, ओठ घट्ट मिटून बसलेली. शेवटी गाडीमागं पलंगावरची चादर धरली. एका टोकाला भांडी घासणारी बाई, एका टोकाला मी. म्हातारीनं डोळे बंद केले होते. मी मान फिरवली. तिला काय होत होतं ते मला ठाऊक होतं. भाषेची गरज नव्हती.

पाहुणे तसेच परत गेले. जाताना जहाजाच्या बाईनं माझ्या डोक्यावर हात फिरवला. "सो ब्रेव्ह," म्हणाली. मी तिचा हात धरून बाजूला केला. म्हटलं, माझं नाव लिहून घ्या, मापं माझ्याकडं आहेत. तिनं नंबर घेतला. फोन आजवर आला नाही.

चाचणी फसली. त्या सहलीवर आस लावून बसलेले जिप्सीवाले माझ्याशी बोलत नाहीत. रिसॉर्टनं बाबांची मासोळी घेणं बंद केलं. माय म्हणाली, "करून टाकली असती सही. आपलं का गेलं असतं?" बाबा जाळं घेऊन तलावावर गेले. मडावीकाकांनाही पुन्हा काम मिळालं नाही. ते कुठल्याशा गावी दरवाजे करायला गेले. कोणी मला शाबासकी दिली नाही. राखी आली आणि गेली.

मी रडले, खोटं का सांगू. त्याच्यासाठी कमी. स्वतःसाठी जास्त. ओसरीतला चहा मी इतकी वर्षं गोड मानून प्यायले, याचं रडले.

मागच्या आठवड्यात चंद्रपूरकडच्या एका दुसऱ्या रिसॉर्टवाल्याचा फोन आला. जहाजाची सहल त्याला हवी आहे. "ताई, तुम्ही फक्त येऊन पाहून जा," म्हणाला.

मी सांगितलं, पाहून जाणार नाही. पाहुणीच्या खोलीत एक दिवस राहीन. समोरच्या दारानं येईन, तुमच्या बाथरूमात आंघोळ करीन, तुमच्या टेबलावर सगळ्यांसोबत जेवीन. अहवाल माझ्या नावानं लिहीन आणि जहाजवाल्यांना मीच पाठवीन. जे नसेल ते नाही म्हणून लिहीन. मला हात लावायच्या आधी तुमच्या प्रत्येक माणसानं मला विचारायचं.

तो "विचार करून सांगतो," म्हणाला.

करू दे विचार. त्यानं नाही म्हटलं तर तिसऱ्याला हेच सांगीन. चौथ्याला हेच. सगळे नाही म्हणाले, तर या जिल्ह्यात खुर्चीवरच्या माणसानं येऊ नये, एवढं एक वाक्य मी जगातल्या प्रत्येक जहाजाला लिहून पाठवीन. खाली माझी सही असेल.