मालाकाईच्या भुवया

आमच्या वावाऊ बेटावर होकाराला तोंड उघडावं लागत नाही, भुवया उडवल्या की झालं. शेजारच्या मालाकाईची पंचाईत तिथेच होती. स्नायूंच्या आजाराने त्याच्या पापण्या कायम लोंबलेल्या, बुबुळं एका जागी थिजलेली, डोळ्यांच्या आतला पडदाही झिजलेला, त्यामुळे दिसायचंही अंधुक. समोर कोण आहे ते बघायचं तर मान वळवून भुवया पार कपाळात चढवाव्या लागायच्या.

दहा वर्षांनी ऑकलंडहून परतलेल्या त्याच्या चुलतभावाला, लातूला, हे कुठून ठाऊक असणार? भरदुपारी कोयता घेऊन तो मालाकाईच्या अंगणात घुसला.

"माझी डुकरीण तूच मारलीस ना?"

कोण आलंय ते बघायला मालाकाईने भुवया चढवल्या. लातूने एका ठोशात त्याचा जबडा मोडला. कोण मारतंय ते बघायला बिचाऱ्याने त्या पुन्हा चढवल्या.

"वर तोंड करून कबूल करतोस!" लातूने लाथेने बरगडी मोडली आणि कोयता उगारला.

मी कुंपणावरून ओरडले, "अरे टोणग्या, डुकरीण मी मारली का, ते विचार त्याला!"

त्याने विचारलं. भुवया वर.

"आता विचार, पाद्रीबाबांनी मारली का?"

भुवया वरच. लातूच्या हातातून कोयता गळून पडला.

मग त्यानेच मालाकाईला पाठीवर घेऊन दवाखान्याकडे धूम ठोकली. वाटभर रडत होता, "दादा, माफ केलंस ना रे?"

मालाकाईने रक्ताची चूळ थुंकली, चाचपडत त्याचा कान शोधला आणि दवाखान्याच्या दारापर्यंत पिळत राहिला.