नायट्याचं पथ्य

१० फेब्रुवारी १९६४, आर्णीचा दवाखाना. हजर: डॉक्टर, आई, दादा, मी आणि दादाच्या मानेवरचा नायटा.

यातला शेवटचा हजर असायला नको होता. तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी नागपूरहून मागवलेल्या नव्या गोळ्या दिल्या होत्या, आणि दादाचं साक्षगंध आता पाच आठवड्यांवर आलं होतं. सोयरे पांढरकवड्याचे. मान पाहिली तर सोयरीक मोडतील, या धास्तीनं दादा भर उन्हात वावरातही मफलर गुंडाळून असे.

गोळ्यांचा तक्ता माझ्याकडे. रोज दोन, बेचाळीस खुणा, एकही खाडा नाही. डॉक्टरांनी तक्ता पाहिला, मग मान पाहिली.

“गोळी कशासंगं घेते?”

“भाकर न अळणी वरण,” आई म्हणाली. “तेल नाही, तूप नाही. कडक पथ्य!”

“कोणी सांगितलं?”

“सांगाले कायले लागते? औषध आलं का पथ्य आलंच.”

डॉक्टरांनी एक गोळी पाण्याच्या पेल्यात टाकली. ती फुगली, फुटली, पांढरा भुगा तळाशी बसला. चमच्यानं ढवळलं, भुगा गरगरला आणि पुन्हा तळाशी.

“फुटली, पण विरघळली काय? पाण्याले हे दाद देत नाही. जेवणात तूप असलं तर अंगी लागते, नाही तं आली तशी जाते.”

“अन् मी तीन आठवडे अळणी खाऊन राह्यलो!” दादा आईवर उखडला.

“तूप खाऊन नायटा जाते, हे कोण्या तोंडानं सांगू मी शेजारी?”

मी तक्त्यात ‘तूप’ असा नवा रकाना आखला. आई तोंड फिरवून वाढायची, जणू विषच वाढतेय. साक्षगंधाच्या पुरणपोळ्यांसाठी कढवलेलं अर्धं तूप दादानं औषध म्हणून संपवलं.

साक्षगंधाच्या आदल्या दिवशी नायटा गायब. दादानं ऐटीत मफलर सोडला. तोंड तव्यासारखं रापलेलं आणि मानेभोवती चार बोटं गोरापान पट्टा!

“अगं माय! हे तं लांबून दिसते!” म्हणत आईनंच मफलर पुन्हा गुंडाळला.

पंगतीत व्याह्यांनी दादाकडे निरखून पाहिलं. “जावईबापू, घसा धरला काय? मंग पोळीवर तूप नोका घेऊ.”

सोयरीक टिकली. दादानं पोळी कोरडी खाल्ली.

तक्त्यात सगळीकडे खुणा आहेत. फक्त शेवटची ओळ, ‘लग्नाआधी दादाची मान उन्हात रापवणे’, अजून कोरी आहे.