धाकलूच्या हातचं पाणी

धाकलू गळाला लागलेला मासा कधी खात नसे. वर काढायचा, काठीला बसलेला हिसका मनगटात जिरेपर्यंत हातात धरायचा आणि उल्हास नदीत परत सोडून द्यायचा. "मी मारत नाय," असं तो स्वतःला सांगे. आमिषाच्या गांडुळांचा विचार त्याने केला नाही.

त्याच्या गळ्यात तुळशीची माळ होती. मुलीला, चिमाला, देवी निघाल्या तेव्हा पोर वाचली तर माळ घालीन, असं तो विठोबाला बोलला होता. चिमा वाचली, तोंडावर वण राहिले तेवढेच. कळंबच्या बुवांनी त्याला माळ घातली आणि घरातून मासळी गेली. त्याची बायको बायजा नुसत्या सुकटीच्या वासावर एक भाकरी जास्त खाणारी. तिने कालवणाचं मडकं स्वतःच्या हाताने फोडलं आणि पुन्हा त्या चवीचं नाव काढलं नाही.

पुढे या माळेनेच त्याला नोकरी दिली. कर्जत स्टेशनात घाट चढण्यासाठी गाडीला जादा इंजिन जोडत, तोवर उतारू तहानेने खिडक्यांशी येत. ज्याच्या हातचं कुणीही पाणी पिईल असा माणूस मास्तरांना हवा होता. माळ पाहून त्यांनी धाकलूला ठेवून घेतलं. परक्या मुलखातली माणसं त्याच्यापुढे ओंजळ धरीत, 'माळकरीबुवा' म्हणत. हा मान त्याला आवडायचा.

पण गळ सुटेना. सकाळची गाडी यायच्या आधी तो घटकाभर नदीवर जायचा, मग राखेने हात घासायचा, वर तुळशीचा पाला चोळायचा. माशाचा वास राखेने जात नाही, हे चुलीपुढची कुठलीही बाई सांगेल. पण तो विचारणार कुणाला?

एका एकादशीला मोठी मरळ लागली. ती गळ सोडीना आणि याला ती सोडवेना. शिट्टी ऐकू आली तेव्हा तो धावत सुटला. हात नुसते धोतराला पुसले होते.

तिसऱ्या डब्याशी एका म्हातारीने ओंजळ पुढे केली. त्याने तांब्या वाकवला. तिने ओंजळ ओठांशी नेली आणि थांबली. बोटांतून सगळं पाणी गळून जाऊ दिलं. आधी त्याच्या हातांकडे पाहिलं, मग माळेकडे.

शेजारच्या बाईने विचारलं, "का हो आजी, पाणी खराब आहे?"

"पाणी चांगलं आहे," म्हातारी म्हणाली. "माझीच आज निर्जळी आहे. विसरले मी." तिचे ओठ सुकून फुटले होते. "जा बाबा, पुढच्यांना दे."

पुढच्यांना त्याने पाणी दिलंच नाही. तांब्या पालथा घालून तो फलाटाच्या टोकाला जाऊन बसला. खोटं त्याचं होतं, आणि ते झाकायला त्या म्हातारीने एकादशीला खोटं बोलून घोटभर पाणी सोडलं होतं.

संध्याकाळी त्याने बायजाला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "तुमचं धोतर कोण धुतं?"

"मग बोलली का नाय गं?"

तिने तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "धुवायच्या आधी मी वास घ्यायची. लय आवडायचा. काय तोंडानं बोलू?"

धाकलूने माळेला हात घातला. "उद्या कळंबला जातो. बुवांना परत देतो. गळ माझ्यानं सुटायचा नाय, मला म्हाईत हाय."

"परत कशी देता? इठोबाशी बोलणं चिमापायी झालंय." तिने सूप खाली ठेवलं. "घरात कुणाच्या तरी गळ्यात पायजे ती. घाला माझ्या."

"बायजा, तुला मासळी—"

"घाला म्हणते ना."

त्याने घातली तेव्हा माळ अंबाड्यात अडकली. तिने ती स्वतःच सोडवून खाली घेतली आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसली.

मास्तरांना त्याने कारण सांगितलं नाही. पाण्याचं काम सोडून कंदील पुसायचं मागितलं, ते मिळालं. आता मासे धरायला, खायलाही त्याला कुणाची आडकाठी नव्हती. पण त्यानंतर नदीवर गेलेलं त्याला कुणी पाहिलं नाही. मोकळा गळा मात्र सगळ्यांना दिसे.

"धाकल्या, माळ कुठं रं गेली?" रुळांवर काम करणारे गँगवाले हटकून विचारत.

"घरी हाय," तो कंदिलाच्या काचेकडे बघत म्हणे.