इंद्रभानची बोटभर पलटण

माझा पोरगा इंद्रभान पन्नाशीला आला, पण जीभ लेकरासारखी रंगीत. कधी निळी, कधी लाल. ब्रशाचं टोक बारीक करायला तो ब्रश ओठात धरतो, म्हणून. वडनेरच्या बसथांब्यावर लोक विचारतात, "काऊन बे इंद्रभान, शाई पेला काय?" तो म्हणतो, "बर्फाचा गोळा खाल्ला." थंडीच्या दिवसांतही हेच सांगतो. खोटं बोलायला डोकं लागतं, आणि माझ्या पोराचं सगळं डोकं हातात उतरलेलं.

आधी तो पेंटर होता. हायवेवरच्या धाब्यांच्या पाट्या, ट्रकांच्या मागचे मोर, शाळेच्या भिंतीवरची बाराखडी, सगळं त्याच्या हातचं. पोळ्याला अर्ध्या गावच्या बैलांची शिंगं तोच रंगवी. मग फ्लेक्स आलं. फ्लेक्सवाला वाढदिवसापासून तेरवीपर्यंत सगळं तासाभरात छापून देतो, वरून फोटोही टाकतो. इंद्रभानचे रंगाचे डबे वाळून गेले. दरसाल हनुमान जयंतीच्या आधी मारुतीला शेंदूर लावायचा आणि डोळे काढायचे, एवढंच काम उरलं, आणि त्याची तर मजुरीही घेत नाहीत.

माझ्या दुसऱ्या पोराचा पोरगा सागर पुण्याला नोकरीला आहे. त्याच्या साहेबाला एक नाद. दीडशे वर्षांपूर्वीच्या लढाया हे लोक टेबलावर लढतात. बोटाएवढे धातूचे शिपाई, घोडे, तोफा. ज्या देशाचा जसा डगला, जशी विजार, तसाच रंग लागतो, बटणसुद्धा चुकायचं नाही. रविवारी दहा शिकलेली माणसं जमतात आणि फासे टाकून कोणाची पलटण मेली ते ठरवतात.

मी सागरला फोनवर विचारलं, "फासे म्हणजे जुगार हाय काय रे?"

"नाही वो आजी, पैसे नाही लावत."

"मंग खेळतात कायले?"

त्या साहेबाला शिपाई रंगवणारा पाहिजे होता, आणि सागरनं काकाचं नाव सांगितलं. तेव्हापासून पार्सलनं करडे शिपाई येतात आणि रंगून जातात. इंद्रभान एकेक शिपाई पाण्याच्या बाटलीच्या झाकणावर चिकटवतो, झाकण चिमटीत धरतो आणि चष्म्यावर चष्मा घालून बसतो. निळा डगला, लाल विजार, खांद्यावर सोनेरी झालर. तांदळाच्या दाण्याएवढ्या तोंडावर मिशी काढताना तो श्वास रोखतो. मीही रोखते, उगाच.

काम चांगलं होतं. वाईट होती ती लाज. दाढी पिकलेला माणूस बाहुले रंगवतो, हे गावात कसं सांगावं? तो दार लावून बसू लागला. बंद दार म्हटलं की गाव जागं होतं. शेजारची गीताबाई मला म्हणाली, "काकू, तुमचा इंद्रभान नोटा छापते म्हणतात."

"छापत असता तर मी तुह्याकडं साखर मागाले आली असती काय वो?"

शेवटी इंद्रभाननं सांगायला सुरुवात केली की पुण्याच्या कंपनीचे मशीनचे पार्ट रंगवतो. गावाला ते पटलं. पार्ट म्हटलं की माणूस पुढं विचारत नाही. माझ्या भावाचा पोरगा ज्ञानेश्वर इंद्रभानच्या डिंपलसाठी स्थळ पाहत होता, त्यानं जळगाव जामोदच्या पाहुण्यांनाही तेच सांगितलं. पोरीचा बाप, मशीनचे पार्ट, पुण्याची कंपनी.

पाहुणे यायच्या आधी एक घोळ झाला होता. साहेबानं नमुन्याच्या चित्रासोबत सांगून पाठवलं होतं, एवढ्या बारीक तोंडावर डोळे काढायचे नाहीत, टोपीखाली नुसती काळी सावली द्यायची. इंद्रभानला हे पटेना. आमच्याकडं डोळे काढल्याशिवाय मूर्ती पुरी होत नाही. डोळे राहिले तर तो दगडच. त्यानं मारुतीला काढतो तसे प्रत्येक शिपायाला पांढरे डोळे काढले, आत काळी बाहुली.

मी म्हटलं, "साहेबानं काढू नको सांगतलं ना रे?"

"आई, आंधळ्याले लढाईवर कोणी धाडते काय?"

आणि अशी ती पलटण पुण्याला गेली. आठवड्यानं सागरचा फोन आला. साहेब म्हणतात, सगळे शिपाई भूत पाहिल्यासारखे पाहतात, परत पाठवतो, डोळे बुजवून द्या.

पाहुणे आले त्याच दिवशी ते पार्सल आलं.

बैठक भरली होती. मुलाचे वडील भागवतराव, त्यांची बायको, मुलगा हरिओम आणि त्यांच्यासोबत आलेली चार वर्षांची नात पायल. पोहे झाले होते, डिंपल पाटावर बसली होती. भागवतरावांचं जळगावला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे, हे ज्ञानेश्वरला माहीत होतं, पण त्यानं त्याचा विचार केला नव्हता. पार्सलवाला दारातून ओरडला, "इंद्रभानभाऊ, पुण्याचं हाय."

ज्ञानेश्वर फुगला. "पाहा, कंपनीचं पार्सल. सुट्टीच नाही माणसाले."

भागवतराव पुढं सरकले. "काय पार्ट हायेत? दाखवा बरं. आमचा जीव त्यातच."

इंद्रभान म्हणाला, "राहू द्या, हात काळे होतीन."

"माहे हात काय गोरे हायेत?" असं म्हणून त्यांनी स्वतःच खोकं फोडलं.

आत कापसात पलटण झोपली होती. लाल विजारी, निळे डगले, आणि सगळ्यांचे डोळे टक्क उघडे, आमच्याकडं लागलेले. हरिओमनं खोकला दाबला.

इंद्रभानचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "चुकून आलं वाटते. कोणा लेकराचं खेळणं असन. माहं नाही."

मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.

भागवतरावांची बायको म्हणाली, "तुमचं नाही तर मंग आमच्या पायलले द्या जरा. मघापासून किरकिर करून राह्यली."

आता नाही कसं म्हणणार? खोकं पायलच्या हातात गेलं. ती अंगणात गेली, नळाखाली धुण्याच्या दगडाजवळ बसली. तिथं भांडी घासायची राख होती. तिनं एकेका शिपायाला आंघोळ घातली आणि आईला पाहते तशी राख लावून घासायला लागली. बैठकीतून सगळं दिसत होतं. महिनाभराचं काम. एक घोडेस्वार तिनं दगडावर आपटला, तो उभा राहत नव्हता म्हणून.

इंद्रभान गुडघ्यावर हात ठेवून बसला होता. घोडा आपटला तसं त्याचं बोट हललं, पण तो हलला नाही. भागवतराव डिंपलला विचारत होते, "काय काय येते पोरी? शिवण, रांगोळी?"

डिंपल उठली. पाटावरची पोरगी मधेच उठत नाही, आमच्या सात पिढ्यांत उठली नसेल. ती अंगणात गेली, पायलजवळ उकिडवी बसली. ओढलं नाही, रडवलं नाही. म्हणाली, "पायल, हे माह्या बाबानं रंगवलेले हायेत. एक एक दे मले." पायलनं दिले. डिंपलनं ते ओढणीत गोळा केले आणि आत येऊन बापापुढं ठेवले.

"बाबा, घोड्याचा पाय वाकला. नीट होईन काय?"

इंद्रभान जमिनीकडं पाहत राहिला. ज्ञानेश्वर पंख्याकडं पाहत होता. माझी मान खाली गेली, कारण पार्टची गोष्ट मीही चार घरी सांगितली होती.

भागवतराव म्हणाले, "मंग पार्ट?"

पाहुण्यांनी दुसरा चहा घेतला नाही. पोरगी पसंत असली की ओटीत नारळ घालतात. त्यांच्या पिशवीत नारळ होता, ते आले तेव्हाच मी पाहिला होता. तो पिशवीतच परत गेला. "कळवतो," म्हणाले.

त्या संध्याकाळी इंद्रभान जेवला नाही. सुनेनं ताट झाकून ठेवलं. डिंपल त्याच्यासमोरून गेली की तो दुसरीकडं पाही. मला म्हणाला, "आई, मी माहं नाही म्हणलो. पोरीनं माहं नाव घेतलं. लाज माह्या नावावर बसाले पाहिजे होती, ते पोरीच्या नावावर बसली. आता म्हणतीन, पोरगी मोठ्या माणसांत उठते."

सकाळी तो म्हणाला, "चाल माह्यासंग." नांदुऱ्याहून बस बदलून आम्ही जळगावला गेलो. भागवतरावांच्या दुकानात शेतकरी मोटारी घेऊन बसले होते. इंद्रभान दारातच उभा राहिला. चप्पल काढली, पुन्हा घातली. मग सगळ्यांसमोर म्हणाला, "भाऊ, मशीनचे पार्ट मी कधीच रंगवले नाही. मी बाहुले रंगवतो. ते काल माहेच होते. खोटं मी बोललो. पोरगी उठली ती माह्यापाई उठली, तिले नाव ठेवू नका."

बाकड्यावरचा एक म्हातारा फसकन हसला. इंद्रभानची कानशिलं लाल झाली.

भागवतराव मोटारीत तार भरत होते. ते थांबले नाहीत. तारेचा वेढा पुरा केला, मग म्हणाले, "बसा. पोरगी आम्हाले काल उठली तवाच पसंत पडली. बापाचं काही समजत नव्हतं, म्हणून नारळ थांबवला होता."

इंद्रभान बाकाच्या काठावर बसला. चहा आला. हसणारा म्हातारा विचारता झाला, "कोण हो भागवतराव हे?"

"आमचे होणारे व्याही. फौज रंगवतात, पुण्याच्या लोकायची."

म्हातारा पुन्हा हसला. इंद्रभाननं मान वर केली नाही, पण नाही असंही म्हणाला नाही. त्याच्या हातातल्या चहावर साय धरली. मी कप काढून घेतला आणि पिऊन टाकला. सोयऱ्याच्या दुकानातला पहिला चहा टाकून यायचा नसतो.