तानूबाईच्या गोठ्याचं दार

तानूबाई गवळण आमच्या सप्तापूरच्या घरी अठरा वर्षं दूध घालत होती, आणि त्या अठरा वर्षांत ती माझ्याशी कधी गोड बोलल्याचं मला आठवत नाही. पातेलं नीट विसळलेलं नसलं तर दूध न घालता परत हातात द्यायची. मी मुलींच्या शाळेत शिकवायचे, वर्गात माझा बऱ्यापैकी दरारा होता, पण सकाळी ही बाई दारात उभी राहिली की पातेलं दोनदा पुसून पुढे करायचे.

केलगेरीच्या तळ्याजवळ गवळ्यांची दहा-बारा घरं होती, त्यात तिचं एक. चौदाव्या वर्षी लग्न होऊन आली, तिशीत नवरा गेला, एकुलती मुलगी हुबळीला दिली. उरल्या चार म्हशी. दुपारी त्यांना तळ्यावर न्यायची, गुडघाभर पाण्यात उभी राहून नारळाच्या काथ्यानं एकेकीला घासायची आणि माणसांशी जे कधी बोलली नाही ते त्यांच्याशी बोलायची. चंद्री तिची लाडकी. वळलेल्या शिंगांची, काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. घर खरं म्हणजे चंद्रीच्याच दुधावर चालायचं.

१९९४ साली वस्तीतल्या जनावरांचे जुने डॉक्टर निवृत्त होऊन आपल्या गावी गेले. चंद्री तेव्हा गाभण होती, चौथं वेत. एके सकाळी दूध घालून झाल्यावर तानूबाई माझ्या पायरीवर बसली. असं ती कधी बसत नसे.

"लीलाक्का, तुमी शिकलेल्या बाई. दोगं डॉक्टर हायत. कुनाकडं जावं, सांगा."

मला कोण आनंद झाला! सल्ला मागितला की आम्हा शिक्षकांना दुसरं काही लागत नाही. मी वहीचं पान काढलं, उभ्या-आडव्या रेघा मारल्या. अंतर, वेळा, हातगुण, स्वभाव. प्रत्येकाला दहा मार्क.

एक होते गुरुराज, सरकारी दवाखान्यातले. तरुण, बोलणं कोरडं. चंद्रीला बघायला आले तेव्हा पायात गमबूट घालून ते सरळ गोठ्यात शिरले होते. चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवून कन्नडमध्ये म्हणाले होते, ही जास्त दुधाची आहे, व्याल्यावर पहिले तीन दिवस मला दाखवत जा. तानूबाईनं त्यांना सांगितलं की तिच्या घरात म्हैस व्याली की पाचवी होईपर्यंत गोठ्यात बाहेरचं माणूस येत नाही. सासूच्या सासूपासूनची चाल. पाचव्या दिवशी चिकाचा खरवस देवापुढे ठेवायचा, मगच दार मोकळं. यावर गुरुराज म्हणाले, "मग मला बोलवूच नका. न बघता औषध देत नाही मी."

दुसरे वसंतराव, सुभाष रोडच्या मागच्या बोळात त्यांचा खासगी दवाखाना होता. वयस्क, हसतमुख. माझ्या बोक्याचा पाय त्यांनीच बरा केला होता आणि तेव्हा त्या बोक्याला 'राजा, राजा' म्हणून कुरवाळलं होतं. ते तानूबाईकडे गेले, चपला बाहेर काढल्या, पाचवीची चाल ऐकून हात जोडले. "तुमची रीत कशाला मोडायची? मी दारात उभा राहीन. तुम्ही आतून सांगा, मी औषध देतो."

स्वभावाचे दहापैकी दहा. गुरुराजांना मी दोन दिले होते, तेही जिवावर येऊन. बेरीज करून तानूबाईला निकाल सांगितला. तिनं कागदाकडे पाहिलंही नाही, नुसती मान हलवली आणि कळशी उचलून गेली.

चंद्री दिवाळीच्या आधी व्याली. रेडी झाली. दुसऱ्या दिवशी दूध आलं नाही म्हणून शाळा सुटल्यावर मी केलगेरीला गेले. वसंतराव आधीच येऊन गोठ्याच्या दारात उभे होते. बोलावल्याबरोबर आले होते, हे सांगायला हवं. मीही बाहेरचीच, त्यांच्या शेजारी उभी राहिले. दाराला गोणपाटाचा पडदा होता. आतून तानूबाईचा आवाज येत होता.

"उटत न्हाई वो. मान पोटाकडं वळवून बसलीया."

"चारा खाल्ला?"

"न्हाई. कान गार लागत्यात."

"वारं लागलंय. पोटात गॅस धरलाय," वसंतराव म्हणाले आणि पिशवीतून बाटली काढून पडद्याखालून आत सरकवली. तिनं बांबूच्या नळीनं ते औषध पाजलं असावं. म्हशीचा ठसका ऐकू आला. मग बराच वेळ फक्त "ऊट गं, ऊट माझे बाई" एवढंच. नंतर तेही थांबलं. ऊन भिंतीवरून उतरायच्या आत तानूबाई पडदा बाजूला करून बाहेर आली. तिच्या कडेवर ती दोन दिवसांची रेडी होती. एवढं जड जनावर तिनं कसं उचललं कोण जाणे.

"गेली," ती म्हणाली. वसंतरावांच्या डोळ्यांत पाणी होतं. माणूस वाईट नव्हता, आणि त्यामुळेच मला त्यांचा आजवर राग येतो.

महिन्याभरानं मी गुरुराजांना त्यांच्या दवाखान्यात जाऊन गाठलं. का गेले? कुणीतरी म्हणावं की म्हैस तशीही गेलीच असती, म्हणून गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "कान गार होते?" हो. "मान पोटाकडे?" हो. ते म्हणाले, दुधाबरोबर अंगातला चुना निघून जातो, रक्तात पुरत नाही. कॅल्शियमची बाटली शिरेतून सोडायची. तोंडानं काही पाजायचं नाही, कारण गिळता येत नाही, औषध फुप्फुसात उतरतं. मी तानूबाईला यातलं अक्षर सांगितलं नाही. वहीचं ते पानही फाडलं नाही. फाडायचा मला काय अधिकार होता?

तीही त्याबद्दल कधी बोलली नाही. रेडीला बोटं चोखायला देऊन दुसरीच्या दुधावर वाढवलं, नाव ठेवलं हरणी. पातेली पूर्वीसारखीच परत येत राहिली. तिनं मला एकदा तरी शिव्या घालाव्यात असं फार वाटायचं.

२००३ साली हरणी तिसऱ्यांदा व्याली. दुसऱ्या दिवशी सकाळी तानूबाई माझ्या दारात आली ती रिकाम्या हातानं. केस विस्कटलेले, पायांना शेण.

"लीलाक्का, फोन लावा. हरणी उटंना. मान पोटाकडं."

"वसंतराव तर आता..."

"त्यांस्नी न्हवं. आत शिरनाऱ्याला."

गुरुराज पाऊण तासात आले. कानशिलावरचे केस आता पांढरे झालेले, गमबूट मात्र तसेच. गोठ्याच्या दाराशी येऊन ते थांबले. पडदाही तसाच होता. वस्तीतल्या चार बाया जमल्या होत्या, एक म्हातारी पुटपुटली की पाचवी व्हायची आहे अजून. गुरुराजांना ते कळलं असावं. त्यांनी बूट काढले, अनवाणी उभे राहिले आणि पेटी हातात धरून वाट बघू लागले. नऊ वर्षांपूर्वी आपण काय बोललो होतो ते तेही विसरले नव्हते.

तानूबाई आत गेलेली होती. पडद्याची कड हलली, पण पडदा उघडला नाही. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला बाहेरूनही दिसत होतं. सासूची सासू एकीकडे आणि हरणी एकीकडे.

मग तिनं पडदा ओढून काढला, अगदी दांडीसकट, आणि जमिनीवर टाकला. "ओळग बर्री, साहेबरं," ती म्हणाली. "आत या."

गुरुराजांनी कॅल्शियमची बाटली आधी कोमट पाण्यात धरली. शीर सापडली. गुरुराज एका हातानं बाटली धरून दुसऱ्या हातानं हरणीच्या छातीवर नळी लावून ठोके ऐकत होते, औषध घाईनं सोडलं तर हृदय बंद पडतं म्हणून. अर्धा तास गेला असेल. हरणीच्या कातडीवरून एक शहारा गेला. तिनं ढेकर दिली, शेण टाकलं, मान सरळ केली. मग पुढचे पाय रोवून, एकदा कोलमडून, उभी राहिली. म्हातारीनं तोंडावर हात ठेवला.

तानूबाई हसली नाही. हरणीच्या कानाला हात लावून तिनं कन्नडमध्ये विचारलं, "साहेब, हिची आई पण अशीच उठली असती का?"

गुरुराजांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं बोला, असं मी मनात त्यांना विनवत होते.

"हौदरी," ते म्हणाले. हो.

तिनं मान डोलावली. हरणीच्या मानेवर कपाळ टेकलं आणि मग ती रडली, चंद्रीसाठी, नऊ वर्षांनी, मोठ्यानं. गुरुराज नळी गुंडाळत तिथेच उभे राहिले. दार सताड उघडं होतं, मला कुणी अडवत नव्हतं, तरी मी उंबऱ्याबाहेरच होते.

"अक्का, तुमी का भाईर?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"तानूबाई, ते दहा मार्क मीच दिले होते," मी म्हणाले. "चंद्री माझ्यामुळे..."

"व्हय," ती म्हणाली. "पन दार माझं हुतं."

मग तिनं चिकाच्या दोन वाट्या भरल्या, पाचवीची वाट न बघता एक गुरुराजांच्या हातात दिली, आणि दुसरी घेऊन मला आत बोलावलं. मी उंबरा ओलांडून काठोकाठ भरलेली वाटी घेतली. ती म्हणाली, सांडू नका.