परत दिलेली प्रिंट

नोकरीतल्या बहुतेक केसेस आता डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही एक मिसळायला तयार नाही. निवृत्तीच्या आधीची माझी शेवटची नेमणूक कारंज्याला, ठाणेदार म्हणून. हायवेवरचं ठाणं म्हणजे अपघात रोजचेच. आणि रोजच्या गोष्टीकडे माणूस नीट बघत नाही, पोलीस तर नाहीच नाही.

शेतीची औषधं विकणाऱ्या एका कंपनीच्या कारंजा शाखेत एक तरुण मुलगी हिशेब बघायची. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर स्कूटीवरून घरी निघाली आणि हायवेवर एका गाडीच्या धडकेत जागीच गेली. पंचनामा झाला, प्रेत शवविच्छेदनाला गेलं, अज्ञात वाहनचालकावर गुन्हा नोंदला. आमच्या लेखी ते प्रकरण तिथेच थंड व्हायचं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्याकडेला पंक्चरचं दुकान चालवणाऱ्या एका माणसाचा ठाण्यात फोन आला.

"साहेब, ते गाडी मागून नाई आली. ते पिकअप लाइट बंद करून तिथंच उभी होती. पोरगी समोरून गेली अन् मंग सुरू झाली."

"काल का नाही सांगितलंस?"

"काल मले कोणी इचारलंच नाई."

खरंच कोणी विचारलं नव्हतं.

पिकअप त्याच कंपनीच्या गोदामाची निघाली. बंपर नवाकोरा, किल्ली शाखाप्रमुखाकडे. त्याला उचलून आणलं. इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर. गाडी मीच चालवत होतो, म्हणाला, पण अंधारात दिसलं नाही आणि घाबरून पळालो. "माझं तिच्याशी काय वाकडं असणार साहेब? मुलीसारखी होती ती मला." मुलीसारखी म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत. हा शब्द ऐकला की मी खुर्ची पुढे ओढून बसतो.

मुलीचे वडील शाळेत शिपाई होते. त्यांनी उलगडा केला. शाखाप्रमुख मुलीला त्रास द्यायचा, नको तिथे हात लावायचा. तिने वर्ध्याच्या मुख्य ऑफिसातल्या मॅडमना लेखी तक्रार पाठवली होती. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी त्याच बघायच्या.

"कोणाले सांगू नोका म्हणून पाठवली होती साहेब. त्या बाईबिगर कोणाले मालूम नोतं. त्या बाईनंच माही पोरगी इकली."

सगळी केस आता एका प्रश्नावर येऊन थांबली. शाखाप्रमुखाला तक्रार माहीत होती की नव्हती? माहीत असेल तर खून. नसेल तर निष्काळजीपणा, जामीन आणि थोडीफार शिक्षा. आणि मॅडमनी सांगितलं असेल तर त्याही आरोपी. तो तर छातीठोकपणे म्हणत होता, तक्रारीचा मला पत्ताच नव्हता.

मी वर्ध्याला गेलो. कंपनीच्या शाखा कारंजा आणि पुलगावला, मुख्य ऑफिस वर्ध्यात, आणि वर्ध्याची निम्मी माणसं आठवड्यातले काही दिवस घरून काम करणारी. म्हणून सगळे प्रिंटर इंटरनेटवरून जोडलेले. घरात बसून लॅपटॉपवर बटण दाबायचं, कागद पाहिजे त्या ऑफिसात निघतो. क्लाऊड प्रिंटिंग म्हणतात त्याला. मला तो शब्दही नवा होता. मॅडमचे डोळे रडून रडून सुजले होते. मी त्यांना एकच गोष्ट तीन वेळा सांगायला लावली. त्यांना वाटलं, मी त्यांचं खोटं पकडतोय. तसं नव्हतं. माणूस सवयीनं जे करतो ते त्याच्या खिजगणतीतच नसतं, त्यामुळे पहिल्या सांगण्यात ते येत नाही.

तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "मेल वाचला. घरूनच प्रिंट दिली, म्हणजे सकाळी ऑफिसात तयार मिळेल. सकाळी ट्रेमध्ये नव्हती म्हणून परत दिली आणि तक्रार समितीच्या फाइलला लावली."

"परत दिली?"

"आली नाही की परत देतोच आम्ही सर. नेहमीचंच आहे."

"मग पहिली कुठे गेली?"

त्यांनी लॅपटॉप उघडून दिलेल्या प्रिंटची यादी काढली. पहिल्या प्रिंटसमोर प्रिंटरचं नाव होतं, कारंजा. आदल्या आठवड्यात त्या कामासाठी कारंजा शाखेत बसल्या होत्या, तेव्हा तो प्रिंटर निवडला होता. लॅपटॉपने तो लक्षात ठेवला, त्या विसरल्या. पिन टाकल्याशिवाय कागद बाहेर येणार नाही अशी सोय त्या यंत्रणेत होती. कटकट नको म्हणून कोणी ती वापरत नव्हतं. ऐकून माझं डोकं फिरलं, पण ओरडणार कोणावर?

कारंजा शाखेत झाडलोट आणि चहापाणी बघणारी एक मावशी होती. तिने सरळ सांगितलं, "ट्रेमंधी बेवारस कागद राह्यला का मले साहेबाच्या टेबलावर ठेवा लागते. त्याहीनंच सांगतलं हाय. त्या दिवशी कागद वाचला अन् त्याहीनं दार लावून घेतलं. चहा नेला तं घेतलाबी नाई."

ठाण्यात परत येऊन मी शाखाप्रमुखासमोर बसलो. म्हटलं, "तुझ्याविरुद्ध तीन पानं भरून लिहिलं होतं तिने. राग येणारच."

"दोन पानं होती," तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच कळलं. त्याने पाणी मागितलं. पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, पण मावशीची साक्ष, पंक्चरवाल्याची साक्ष आणि प्रिंटरची नोंद टिकली. शिक्षा झाली.

या केसने मला एक गोष्ट शिकवली, आणि ती मला आवडलेली नाही. गुन्हेगार एकच होता. पण तिचा कागद त्याच्या टेबलावर गेला तो कोणाच्याही वाईट हेतूने नाही. प्रत्येकाने आपलं रोजचं काम रोजच्यासारखं केलं. कायद्यात त्यासाठी कलम नाही, आणि असावं असंही मला वाटत नाही. पण बापाला काय सांगायचं?

मी त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या बाईनं इकली नाई, हे मले पटलं. सांगजा तिले तसं. पण म्हणा, आमच्या घरी येऊ नोको. तिले पाह्यलं का मले तो कागद दिसन."

मी दोन्ही निरोप पोचवले, जसेच्या तसे. पहिला ऐकून मॅडमनी डोळे मिटले. दुसरा ऐकून म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं." मी टोपी घातली आणि बाहेर पडलो.