रूथ पाळक झाली आणि आबा रुसले: बारामती-इंदापूरचे दोन दिवस

मी चिडले म्हणून ही सहल झाली, हे आधीच कबूल करते. लोक बारामतीला शेतीचं प्रदर्शन बघायला जातात, लग्नाला जातात. मी गेले ते एका म्हाताऱ्या माणसाशी भांडायला.

झालं असं. रूथ माझी कॉलेजच्या हॉस्टेलमधली मैत्रीण. ती प्रॉटेस्टंट, मी कॅथलिक. तिने पुढे धर्मशिक्षण घेतलं, दीक्षा झाली आणि आता ती पाळक आहे. म्हणजे आमच्याकडे फादर जे जे करतात ते सगळं ती करते: उपासना, लग्नं, बाप्तिस्मे, अंत्यविधी. बारामतीत राहून आसपासच्या पाच खेड्यांतल्या लहान मंडळ्या, म्हणजे चर्चची कुटुंबं, सांभाळते. त्यातली एक नेमकी तिच्या माहेरची, निमगाव केतकीच्या अलीकडे आत वळलं की एका वस्तीवर. तिथल्या चर्चच्या कारभाराचे मुख्य पंच म्हणजे तिचे वडील, आबा.

गुरुवारी तिचा फोन आला. आवाज बसलेला. "आबांची बुधवारी पुण्यात बायपास आहे गं."

"होईल नीट. आता रोज होतात."

"ते नाही. मी तिथे पाळक म्हणून आल्याला सात महिने झाले, तेव्हापासून आबांनी प्रभुभोजन घेतलेलं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळी मंडळी भाकर आणि द्राक्षरस घ्यायला पुढे येते आणि आबा खाली मान घालून बसून राहतात. आयुष्यात कधी चुकवलं नव्हतं त्यांनी. माझ्या हातून घ्यायचं नाही, एवढंच कारण. आता असेच ऑपरेशनच्या टेबलावर जाणार."

"मग दुसऱ्या पाळकांना बोलाव."

"मी तयार आहे. तेच नको म्हणतात. दुसऱ्याला बोलावलं तर लोकांत पोरीची शोभा होईल म्हणे."

आता बोला! पोरीच्या हातून घेणार नाही आणि पोरीची अब्रूही जाऊ देणार नाही. मी म्हटलं, थांब, येतेच मी.

शनिवारी सकाळी स्वारगेटहून एसटी पकडली. सासवड, जेजुरी, मोरगाव करत गाडी तीन तासांच्या आसपास बारामतीत सोडते. मोरगावच्या पुढे रस्ता चांगला आहे, खिडकीची जागा मिळाली तर डोळा लागतो. आम्हा बायकांना अर्धं तिकीट. कंडक्टरने ते हातात दिलं तेव्हा मनात आलं, एसटीला जे सुचलं ते आमच्या धर्मपंडितांना सुचायला किती वर्षं लागणार आहेत! शेजारच्या आजी मोसंबी सोलत होत्या. मी एकटीच हसतेय हे बघून त्यांनी दोन फोडी माझ्या हातावर ठेवल्या.

रूथ दुपारी मोकळी होणार होती, म्हणून आधी माझ्या मावसबहिणीकडे गेले. ती आमच्या चर्चची सिस्टर, म्हणजे नन आहे, मुलींचं एक वसतिगृह चालवते. ऊसतोड कामगारांच्या, शेतमजुरांच्या मुली, सगळ्या जातीधर्मांच्या. गेले तेव्हा ही बाई साडीचा पदर खोचून पाण्याच्या मोटरशी झटापट करत होती. मोटर सुरू झाली, मग एका मुलीचा ताप बघितला, मग दुसरीच्या बापाला फोनवर सुनावलं, "सोळाव्या वर्षी लग्न? या तर खरं हॉस्टेलला, बोलू आपण." मग मला म्हणाली, "बस ना, उभी का?"

जेवायला ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि ताक. मी जेवता जेवता विचारलंच, "फादर नसले की प्रार्थना कोण घेतं?"

"मी. फादरांनी पवित्र करून ठेवलेला प्रसादही मीच देते. फक्त मिस्सा, तो प्रसाद पवित्र करायची उपासना, ती फादरांची."

"राग नाही येत?"

ती हसली. "फादर आले की मी उठून खुर्ची देते. फादर गेले की अख्खं हॉस्टेल उठून मला खुर्ची देतं." मग ताटातला घास तसाच धरून म्हणाली, "मला फादर व्हायचं नव्हतं. पण होतेस का, असं कुणी कधी विचारलं नाही, हेही खरंय." एवढं बोलून ती मला आणखी भाकरी वाढायला उठली. या बाईपुढे मला माझी स्वतःची धावपळ अगदीच मिळमिळीत वाटली.

दुपारी रूथ आली, स्वतः गाडी चालवत. मागच्या सीटवर तिचा नवरा सुधीर, एमआयडीसीतली सकाळची पाळी करून आलेला. गडी स्वभावाने लोणी. निघता निघता त्याला एका सहकाऱ्याला डबा परत द्यायचा होता, म्हणून एमआयडीसीच्या कडेला एका पत्र्याच्या हॉलपाशी थांबलो. आत पेंटेकोस्टल पंथाच्या मंडळींची प्रार्थना चालली होती. पुढे माइक हातात घेऊन एक बाई उभी, डोक्यावर ओढणी, आणि आवाज असा की बाहेरच्या मोटारसायकली थरथराव्यात. कुणाच्या नोकरीसाठी, कुणाच्या नवऱ्याची दारू सुटण्यासाठी नावं घेऊन घेऊन मागणं मागत होती. बाया रडत होत्या, पुरुषही रडत होते. बाहेरच्या फलकावर पास्टर म्हणून तिच्या नवऱ्याचं नाव. नवरा दारात चपला नीट लावत होता.

"फलकावर कुणाचंही नाव असू दे," सुधीर म्हणाला, "लोक हिलाच ऐकायला येतात. डेअरीत आठ तास उभी राहून मग इथे उभी राहते."

बारामती ते निमगाव केतकी हा रस्ता डिसेंबरात करणार असाल तर उजेडातच करा. कारखाने सुरू झालेले असतात, उसाच्या ट्रॉल्या जोडीजोडीने रस्ता अडवून चालतात आणि मागे दिवा असेलच याची खात्री नाही. सणसर, अंथुर्णे या पट्ट्यात रस्त्याकडेला पेरू मिळतात, ते जरूर घ्या. निमगावच्या अलीकडे पानमळ्यांचा गारवा गाडीत आला आणि रूथ एकदम गप्प झाली. माहेर जवळ आलं की बायका खुलतात, ही मिटली.

सुधीरने वातावरण हलकं करायला पहिल्या दिवसाची गोष्ट सांगितली. रूथ पाळक म्हणून प्रथम माहेरच्या चर्चमध्ये आली, तेव्हा मंडळींनी वाजतगाजत हार आणला आणि घातला तो सुधीरच्या गळ्यात. पाळकांच्या खुर्चीवरही त्यालाच बसवलं. तिच्या हातात चहाचा ट्रे. "मी ओरडतोय, अहो मी मशीनवरचा माणूस, मला प्रवचनातलं ओ की ठो कळत नाही. तर म्हणतात, साहेब लई नम्र हायत!" मी हसून हसून बेजार. सगळ्या गावाला ठाऊक होतं की पाळक आबांचीच लेक आहे, तरी हातांना सवय ती सवय.

आबांचं घर म्हणजे डाळिंबाच्या बागेतल्या तीन खोल्या. आबा ओट्यावर. उंच, कोरडे, पांढरी टोपी. मला बघून म्हणाले, "या. पुण्याची फौज आली म्हणायची." माझ्या येण्याचं कारण त्यांना कळलं होतं तर! आत रूथची आई, सगळे त्यांना काकू म्हणतात, उद्यासाठी मनुका उकळत होत्या. प्रभुभोजनाचा रस या गावात असाच होतो, घरी. भाकरही काकूच भाजतात, चाळीस वर्षं.

मी दम धरला, चहा घेतला आणि तोंड उघडलं. "आबा, भाकर काकूंच्या हातची चालते. मग देणारा हात बाईचा का नाही चालत?"

आबा शांतपणे म्हणाले, "करणं येगळं, देणं येगळं. येशूनं बारा शिष्य निवडलं ते बाराच्या बारा गडी हुतं."

"आबा, ते बाराच्या बारा यहुदीपण होते," रूथ म्हणाली. "तुम्ही कुठे यहुदी?"

"तू गप. तू माझी लेक हायस. तुला म्या बोट धरून चालवलं, शेंबूड पुसला. आता तुझ्या म्होरं गुडघं टेकू व्हय?"

तिथे मला कळलं की यात शास्त्र थोडं आणि बाप जास्त आहे. माझा निम्मा राग तिथेच उतरला, खरं सांगते. पण आतून काकूंचा आवाज आला, "येशूच्या थडग्यावर पहाटं कोण गेलं हुतं? बायाच गेल्या. तुमचं बारा गडी तवा कडी लावून बसलं हुतं." आबा उठले आणि बागेत निघून गेले. रूथ डोळे पुसत मनुका गाळू लागली.

रविवारी कापणीचा सण. चर्च म्हणजे एक लांब खोली, वर पत्रे, पण त्या दिवशी दाराला ऊस बांधलेले, वेदीपाशी डाळिंबं, पेरू, ज्वारीची कणसं, नव्या गुळाची ढेप आणि पाय बांधलेला एक कोंबडा, जो प्रवचनात मधूनमधून बोलत होता. सतरंजीवर उजवीकडे पुरुष, डावीकडे बाया. पांढऱ्या झग्यात रूथ उभी राहिली आणि मला माझी हॉस्टेलमधली मैत्रीण सापडेना. बोलली साधंच: शेत कुणाचं, घाम कुणाचा, आणि पिकावर नाव कुणाचं लागतं. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी कोंबड्याकडे बघत बसले, नाहीतर तिथेच रडले असते.

मग प्रभुभोजन. इथली रीत अशी की आधी पुरुष पुढे जातात, ते झाले की बाया. पुरुष रांगेने गेले, गुडघे टेकले, रूथने भाकरीचा तुकडा एकेकाच्या तळहातावर ठेवला. आबा बसून राहिले. सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी बघत नव्हतं. मी कॅथलिक, आमच्या नियमाने मीही जागेवरच. त्या खोलीत मोठ्यांपैकी पुढे न जाणारी माणसं दोनच, आबा आणि मी. ज्याच्याशी भांडायला आले त्याच्याच पंगतीला बसायची वेळ आली!

बायांची पाळी आली. काकू उठल्या, अर्ध्यात थांबल्या आणि भर चर्चमध्ये पुरुषांच्या बाजूला हाक दिली, "अवो, गुडघा लई धरलाय. मला जरा धरा की."

कसला गुडघा! सकाळी हीच बाई माझ्यापुढे बांधावरून तुरुतुरु चालत होती. पण आबांना उठावंच लागलं. त्यांनी काकूंचा दंड धरला, बायांच्या रांगेतून त्यांना पुढे नेलं आणि त्या टेकल्या तशा त्यांना सावरायला स्वतःही शेजारी टेकले.

रूथ ओळीने येत होती. आईच्या तळहातावर तिने तुकडा ठेवला. मग आबांसमोर आली, क्षणभर थांबली आणि त्यांना ओलांडून पुढच्या बाईकडे गेली. मला ओरडावंसं वाटलं, अगं दे ना! पण तिने बापाला कोंडीत पकडलं नाही. तो धरायला आला होता, घ्यायला नाही, हे तिने मानलं. मोठं मन लागतं त्याला. मला नसतं जमलं.

दोन बाया पुढे गेली असेल. मागून आबांचा आवाज आला. "आन् मी?"

रूथ वळली. "आबा, तुम्ही आईला धरायला आला होतात."

"आलो हुतो. आता आलोच हाय तर दे." त्यांनी एका तळव्याखाली दुसरा तळवा ठेवून हात पुढे केले.

प्रत्येकाला म्हणायचे ते शब्द तिने त्यांनाही म्हटले, फक्त तिचा आवाज मध्येच फुटला आणि तिला पुन्हा पहिल्यापासून म्हणावे लागले. काकू डोळे मिटून, जगातलं काही माहीत नसल्यासारख्या प्रार्थना करत होत्या. सुधीर मागे उघड उघड रडत होता. मीही.

सणाच्या पंगतीला मटण-भाकरी होती, आबांना डॉक्टरांच्या हुकमाने अळणी वरण. ते त्याबद्दल कुरकुरले, बाकी कशाबद्दल एक शब्द नाही. निघताना रूथने वाकून नमस्कार केला, तेव्हा म्हणाले, "गाडी सावकाश हाण. ट्रॉल्या लई हायत." मला एक पिशवी भरून डाळिंबं मिळाली. भांडायला आलेल्या बाईला ही वागणूक!

घरी आल्यावर माझ्या नवऱ्याने विचारलं, काय बघितलंस? किल्ला नाही, धरण नाही, काय सांगणार? मी तीन बाया बघितल्या. एकीला खुर्ची नाही पण अख्खं हॉस्टेल तिचं आहे. एकीचं नाव फलकावर नाही पण माणसं तिची आहेत. एकीला झगा, खुर्ची, नाव सगळं मिळालं आणि तरी सात महिने घरातलं एक माणूस बसून राहिलं. माझ्या स्वतःच्या चर्चमध्ये मी दर महिन्याला बायबलचं वाचन करते आणि खाली येऊन बसते. त्यापुढचा प्रश्न आमच्याकडे अजून कुणी मोठ्याने विचारत नाही. हे मला पूर्वी खुपायचं. आता जास्त खुपतं, आणि ते बरंच झालं असं मला वाटतं.

बुधवारी ऑपरेशन नीट पार पडलं. आबांना वॉर्डात हलवल्यावर मी भेटायला गेले. काकू स्टुलावर बसल्या होत्या आणि रूथ कॉटशेजारी उभी राहून डोळे मिटून प्रार्थना करत होती. भेटीची वेळ संपत आलेली. नर्स आत आली, घड्याळाकडे बघत आबांना हळूच म्हणाली, "आजोबा, एकच नातेवाईक थांबू शकतो. या मुलगी का तुमच्या?"

आबांनी मान हलवली. "न्हाय. आमच्या मंडळीच्या पाळक हायत त्या." मग नर्सला जवळ बोलावून अगदी बारीक आवाजात म्हणाले, "प्रार्थना जरा लांबवत्यात. पण थांबू द्या."

नर्सने दार ओढून घेतलं. आणि खरंच, लांबवली तिने.